स्लीव्ह की बायपास? जठराच्या शस्त्रक्रियांचा ताळेबंद

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्लीव्ह करायची की बायपास? ओळखीत कुणीतरी स्लीव्ह केलेली असते आणि तिचे तीस किलो उतरलेले असतात. दुसऱ्या कुणाची बायपास झालेली असते आणि त्याची इन्सुलिनची इंजेक्शने सुटलेली असतात. जाहिरातीत तिसरेच नाव झळकत असते, मिनी बायपास. मग किती किलो उतरतात, किती दिवस रुग्णालयात राहावे लागते आणि खर्च किती येतो, एवढ्या तीन रकान्यांत तुलना होते आणि निर्णय घेतला जातो.

हे रकाने हवेतच, पण त्यांच्यावर भागत नाही. या शस्त्रक्रियांबद्दलची सर्वांत पक्की समजूत अशी, की जठर लहान केले की माणूस कमी खातो आणि कमी खाल्ले की वजन उतरते. गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव वेगळे सांगतो. नुसती जागा कमी करणाऱ्या शस्त्रक्रिया एकामागून एक मागे पडल्या. टिकल्या त्या भूक आणि रक्तातली साखर यांचे नियमनच बदलणाऱ्या. हे ध्यानात घेतले तर तुलनेचे प्रश्नही बदलतात. कोणती शस्त्रक्रिया शरीरात नेमके काय बदलते, आणि त्या बदल्यात आयुष्यभर काय मागते?

उतरलेले वजन परत का चढते

तीव्र लठ्ठपणा असलेल्या बहुतेकांनी डाएट, व्यायाम, उपवास, काढे असे सगळे करून पाहिलेले असते. दहा-पंधरा किलो उतरतात आणि वर्ष-दोन वर्षांत परत येतात. घरचे म्हणतात, निग्रह कमी पडला. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या टोमण्यातली हवा काढून घेतली. त्यांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवले. वजन चांगले उतरले. पण वर्षभरानंतर तपासले तेव्हाही भूक वाढवणारे घ्रेलिन हे हॉर्मोन चढलेलेच होते, पोट भरल्याची खबर देणारी हॉर्मोने घटलेली होती आणि भूक पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. म्हणजे शरीर जुने वजन विसरत नाही. ते वजन परत मिळवण्यासाठी ते भूक वाढवते आणि खर्चात काटकसर करते.

म्हणून शस्त्रक्रियेची खरी कसोटी पहिल्या सहा महिन्यांत किती उतरले ही नाही. पाचव्या, दहाव्या वर्षी किती टिकून राहिले, ही आहे.

शस्त्रक्रिया कोणासाठी

यासाठी जगभर बीएमआय हा आकडा वापरतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी होती : बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांसारखा गंभीर आजार. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन प्रमुख संघटनांनी ती खाली आणली. आता ३५च्या वर कोणत्याही परिस्थितीत आणि चयापचयाचा आजार असेल तर ३० पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्या सांगतात. आशियाई लोकांसाठी त्यांनी २७.५ हा आकडा दिला आहे.

आशियाईंसाठी वेगळा आकडा का, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शास्त्रज्ञांचा फोटो छापून आला : केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसतो तेव्हाही त्याच्या पोटात आणि यकृताभोवती चरबी साठलेली असू शकते, आणि मधुमेह त्याला कमी वजनावर, कमी वयात गाठतो.

व्यवहारात एक अडचण उरते. भारतीय विमा नियामकाच्या नियमांनुसार आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया बसते ती बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असतील तर. वैद्यकशास्त्राची रेषा खाली सरकली, विम्याची जुन्या जागीच राहिली. २७.५ ते ३५ या पट्ट्यातल्या मधुमेही माणसाला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात, पण बिल बहुधा त्याच्याच खिशातून जाते.

नुसती जागा कमी करून पाहिली तेव्हा

सुरुवात जठरापासून झालीच नाही, आतड्यापासून झाली. १९५०च्या दशकात मिनेसोटातल्या शल्यविशारदांनी सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळून अन्नाला जेमतेम अर्ध्या मीटरचा रस्ता ठेवला. वजन झपाट्याने उतरले. पाठोपाठ न थांबणारे जुलाब, मूत्रखडे आणि काही रुग्णांत यकृत निकामी होणे हेही आले. ही शस्त्रक्रिया पुढे सोडून द्यावी लागली, पण तिची आठवण आजही शल्यविशारदांना सावध ठेवते.

आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांना वेगळीच गोष्ट दिसली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर वाढता वाढत नाही. या निरीक्षणावरून त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. नंतर मात्र मेसन यांनाच वाटू लागले की आतड्याला हात न लावता काम झाले तर बरे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जठराला उभे स्टेपल मारून वरच्या बाजूला एक छोटी पिशवी तयार केली आणि तिच्या तोंडाशी न ताणणारी पट्टी बसवली. कल्पना सरळ होती, जागाच नसेल तर माणूस खाणार किती? उत्तर रुग्णांनी दिले. भाकरी, मटण अडकायचे. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र विनासायास उतरायचे. भूक होतीच, तिने अरुंद दारातून जाणारे अन्न शोधून काढले.

पुढचा प्रयोग गॅस्ट्रिक बँडचा. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे कडे बसवायचे आणि कातडीखालच्या एका बटणातून सुईने सलाइन भरून ते घट्ट-सैल करायचे. कापाकापी नाही, काढूनही टाकता येते, दुर्बिणीने तासाभरात होते. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २००८च्या सुमारास जगातल्या दर पाच लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांतल्या दोन बँडच्या होत्या. पाचच वर्षांत हे प्रमाण एकदशांशावर घसरले. वजन कमी उतरत होते, कडे सरकत होते, जठरात रुतत होते, उलट्या होत होत्या आणि अनेकांचे ते काढावे लागत होते. आज भारतात बँड क्वचितच बसवला जातो.

बँडच्या अपयशातून एक मोलाची गोष्ट कळली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००७ साली दोन प्रकारच्या रुग्णांना ऑक्ट्रिओटाइड हे इंजेक्शन दिले. हे औषध आतड्यातून सुटणारी हॉर्मोने दाबून टाकते. बायपास झालेले रुग्ण इंजेक्शननंतर जास्त जेवले. बँडवाल्यांच्या जेवणात फरक पडला नाही. दोघांच्याही जठराची वरची पिशवी लहानच होती. बायपासवाल्यांना कमी खायला लावणारी गोष्ट पिशवीच्या मापात नव्हती, आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपांत होती.

स्लीव्ह : सोपी, पण परत न फिरणारी

आज जगात आणि भारतातही सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराच्या फुगीर, बाहेरच्या बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, शे-दीडशे मिलिलिटर मावतील एवढी. आतड्याला हात लागत नाही. अन्न पूर्वीच्याच वाटेने जाते.

ही शस्त्रक्रिया जन्मली एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून. अतिप्रचंड वजनाच्या रुग्णांना ड्युओडिनल स्विच ही लांबलचक शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे. म्हणून २०००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गानिये यांनी ती दोन टप्प्यांत विभागली. आधी फक्त जठर कापायचे, वजन थोडे उतरले की मग आतड्याचे काम करायचे. काही रुग्णांचे वजन पहिल्या टप्प्यातच इतके उतरले, की दुसऱ्याची गरजच उरली नाही.

कापून टाकलेल्या भागात जठराचा घुमट असतो आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होते. तो गेला की हे भुकेचे हॉर्मोन खाली येते. अन्न नळीतून लवकर आतड्यात पोचते आणि जीएलपी-१, पीवायवाय ही तृप्तीची हॉर्मोने जास्त सुटतात. २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या प्रयोगाने आणखी एक धागा दाखवला. पित्ताम्लांची खबर घेणारे एक प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्यावर स्लीव्ह केली तरी वजनातली घट टिकली नाही. जठर त्यांचेही तेवढेच लहान झालेले होते.

स्लीव्हची दुखरी बाजू म्हणजे छातीतली जळजळ. अरुंद नळीत दाब वाढतो, अन्ननलिका आणि जठर यांच्यातला नैसर्गिक कोन मोडतो आणि आम्ल वर येऊ लागते. आधीपासून आम्लपित्ताचा जोरदार त्रास असणाऱ्यांसाठी, अन्ननलिकेच्या आतल्या आवरणात बदल झालेल्यांसाठी म्हणूनच स्लीव्ह सहसा योग्य ठरत नाही. दुसरे म्हणजे कापलेले जठर परत जोडता येत नाही. हवे तर पुढे स्लीव्हची बायपास करता येते, मूळ जठर मात्र मिळत नाही.

बायपास : वाट बदलणारी

रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम तीस मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात. मग लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचे रस आणणारे दुसरे टोक साधारण एक ते दीड मीटर खाली जोडले जाते. जोडणीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. या जोडणीला लोझानचे स्विस शल्यविशारद सेझार रू यांचे नाव आहे. त्यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच कारणांसाठी वापरली होती. उरलेले जठर पोटातच राहते, रस पाझरत राहते, फक्त त्यातून अन्न जात नाही.

मेसन यांनी शोधलेल्या या वाटेचे सर्वांत मोठे फळ वजनाबाहेरचे निघाले. नॉर्थ कॅरोलायनातले वॉल्टर पोरिस यांनी १९९५ साली आपल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. प्रौढ वयातल्या मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांची साखर बायपासनंतर ताळ्यावर आली होती, आणि अनेकांची तर वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच. सुरुवातीच्या घसरणीत कमी खाण्याचाही वाटा असतो. पण अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात पडल्यावर जीएलपी-१ अनेक पटींनी वाढते आणि इन्सुलिन वेळेवर सुटू लागते, हेही तेवढेच खरे.

तरीही शस्त्रक्रियेने मधुमेह कायमचा बरा होतो, असे सांगणारा माणूस अर्धेच सांगत असतो. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी मागे हटलेला होता. दहा वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. मधुमेह नवा असेल, इन्सुलिन सुरू झालेले नसेल तर शक्यता चांगली. पंधरा वर्षे इन्सुलिनवर असलेल्या माणसाने औषधे कमी होतील अशी आशा धरावी, सुटतीलच अशी नाही.

मिनी बायपास आणि त्यापलीकडे

अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ साली सुरू केलेली मिनी बायपास भारतात बरीच केली जाते. तिच्यात जठराची लांबट नळी करून ती दीड-दोन मीटर पुढच्या आतड्याला एकाच जागी जोडतात. दोनऐवजी एक जोड, त्यामुळे वेळ कमी लागतो. नाव मिनी असले तरी वगळलेले आतडे रू-एन-वायपेक्षा सहसा जास्तच असते. फ्रान्समध्ये २५३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. दोन वर्षांनी वजन सारखेच उतरले होते, पण पोषणाशी निगडित गंभीर गुंतागुंत मिनी बायपासच्या गटातच आढळली आणि जुलाबांचा त्रासही तिथे जास्त होता. एकच जोड असल्याने पित्त जठराच्या नळीत येण्याची शक्यताही राहते.

या रांगेच्या टोकाला आहेत ड्युओडिनल स्विच आणि इटलीतल्या जेनोवाचे निकोला स्कोपिनारो यांनी १९७९ साली मांडलेली तिची पूर्वज शस्त्रक्रिया. वजन आणि मधुमेह यांवर यांच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच नाही. प्रथिने आणि चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे कमी पडण्याचा धोकाही इथेच सर्वाधिक. म्हणून त्या मोजक्या केंद्रांत, मोजक्या रुग्णांवर होतात.

आकडे वाचताना

जाहिरातीत “७० टक्के वजन घटते” असे लिहिलेले असते तेव्हा ते कशाचे टक्के, हे आधी विचारावे. या क्षेत्रात दोन मापे चालतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ११५ किलो वजनाच्या बाई घ्या. त्यांचा बीएमआय ४५च्या जवळ. बीएमआय २५ हवा तर वजन ६४ किलो हवे, म्हणजे जादा वजन ५१ किलो. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे २९ किलो उतरले तर एकूण वजनाच्या २५ टक्के उतरले. जादा वजनाच्या भाषेत तेच ५७ टक्के होतात. किलो तेवढेच, पण ऐकायला दुपटीहून जास्त. दोन दवाखान्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी माप एक आहे का, ते पाहावे.

एका मापाने मोजले तर चित्र बरेच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींत पाच वर्षांनी एकूण वजनातली घट बायपासमध्ये सुमारे २५ टक्के, स्लीव्हमध्ये १९ आणि बँडमध्ये १२ टक्के दिसली. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून स्लीव्ह आणि बायपास यांत वाटले होते. दहा वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचे सुमारे ४४ टक्के आणि बायपासवाल्यांचे ५१ टक्के कमी होते. बायपास पुढे आहे, पण अंतर फार मोठे नाही.

त्याच अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के आणि बायपासच्या ७ टक्के रुग्णांत आढळला. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासानेही याला दुजोरा दिला. आधीच आम्लपित्त असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा त्रास वाढला; बायपासनंतर साठ टक्क्यांचा त्रास नाहीसा झाला. मधुमेहासाठी क्लीव्हलँड क्लिनिकने १५० रुग्णांवर केलेला अभ्यास पाहा. पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६ किंवा त्याखाली आलेले लोक नुसत्या औषधोपचारात ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि बायपासमध्ये २९ टक्के होते. शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्यातले अंतर दोन शस्त्रक्रियांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे.

आयुष्य वाढते का? स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगले. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा मात्र त्यांचे आयुर्मान साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

आयुष्यभराची देणी

ऑपरेशनचा धोका लोकांना वाटतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या दहा केंद्रांच्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू हजारात तीन होते. रक्तस्राव, जोड किंवा स्टेपलची रेघ गळणे, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे पहिल्या काही आठवड्यांतले धोके. अनुभवी चमूत ते कमी. ताळेबंदाची दुसरी बाजू खरी सुरू होते त्यानंतर.

बी-१२ शोषायला जठरातून सुटणारा एक घटक लागतो, आणि लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी पहिल्या भागात शोषले जाते. बायपासमध्ये दोन्ही जागा वगळल्या जातात. स्लीव्हमध्ये आतडे शाबूत असले तरी जठराचा मोठा भाग गेल्याने बी-१२ कमी पडू शकते. शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच तळाला असते, हे लक्षात घेतले तर मराठी मध्यमवर्गीय रुग्णासाठी हा मुद्दा मुंबईत असो की न्यू जर्सीत, सारखाच महत्त्वाचा. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ हे सर्व जन्मभराचे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. दर वर्षी रक्त तपासावे. सुरुवातीच्या आठवड्यांत उलट्या थांबत नसतील तर थायमिन झपाट्याने संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथे “होईल कमी” म्हणून घरी बसण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि पोटात मावते अर्धी-पाऊण वाटी. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. अर्धी वाटी पातळ वरणात त्याहून कमी. म्हणून ताटात आधी पनीर, अंडी, मासे, चिकन, घट्ट डाळ किंवा उसळ आणि मग जागा उरली तर भाताचे दोन घास, असा क्रम उलटावा लागतो. जेवताना पाणी नाही. प्रत्येक घास चावून चावून. प्रथिने कमी पडली की केस गळतात आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

बायपासनंतर श्रीखंडाची वाटी किंवा दोन जिलब्या खाल्ल्या तर साखर एकदम आतड्यात पडून छातीत धडधड, घाम, गरगरणे, जुलाब असा त्रास होऊ शकतो. काहींना यामुळे गोडाचा मोह सुटतो. काहींची साखर दोन-तीन तासांनी घसरते. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी. सांधेदुखीवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू यांमुळे बायपासच्या जोडावर अल्सर होतो, त्यामुळे त्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या संधिवाताच्या रुग्णाला बायपास नेहमीच सोयीची नसते. दारू बायपासनंतर पटकन आणि जास्त चढते, आणि व्यसन जडण्याचे प्रमाण दुसऱ्या वर्षापासून वाढलेले आढळते. मनावरही लक्ष ठेवावे लागते. खाण्यातला आधार गेल्यावर काहींची उदासी वाढते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. मूल हवे असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावे. बायपासनंतर अनेक वर्षांनीही आतड्याचे वेटोळे आतल्या फटीत अडकू शकते, म्हणून पोटात अचानक तीव्र कळ आली तर आपली बायपास झाली आहे हे दवाखान्यात सर्वांत आधी सांगावे.

इंजेक्शने आल्यावर

२०२५ साली भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड बाजारात आले. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडने सर्वांत मोठ्या मात्रेवर सुमारे दीड वर्षात २१ टक्के वजन उतरवले. ही औषधे जीएलपी-१सारखी हॉर्मोने बाहेरून देतात. म्हणजे बायपासने आतड्याकडून जे काम करून घेतले, तेच सुई करते आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. बीएमआय ३०च्या आसपास असलेल्यांना औषध पुरेसे ठरू शकते. ४५-५०च्या घरात, अनेक आजारांसह, शस्त्रक्रियेचा परिणाम आजही खोल आणि टिकाऊ आहे. काहींना दोन्ही लागतील.

मग निवड कशी करायची

छातीत रोज जळजळते, मधुमेह नवा आहे, तंबाखू सोडली आहे आणि वर्षाकाठी तपासणीला यायची तयारी आहे, अशा माणसाला रू-एन-वाय बायपासचे पारडे जड. वय कमी, मधुमेह नाही, आम्लपित्त नाही, वेदनाशामक किंवा अनेक औषधे कायम घ्यावी लागतात, अशांना स्लीव्ह सोयीची. घराण्यात जठराचा कर्करोग असेल तर बायपासमध्ये बाजूला पडलेल्या जठरात दुर्बीण सहज घालता येत नाही, हेही मोजावे लागते. मिनी बायपास सुचवली तर आतडे किती मीटर वगळणार, हे थेट विचारावे. वजन फारच जास्त असेल तर दोन टप्प्यांचा पर्याय विचारात घ्यावा. स्लीव्ह की बायपास हे ठरण्याआधी अन्ननलिका आणि जठराची एंडोस्कोपी झालीच पाहिजे, आणि आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांची भेटही.

शल्यविशारदाला विचारण्याचा सर्वांत कामाचा प्रश्न “किती किलो उतरतील?” हा नाही. “तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांपैकी किती जण अजून तपासणीला येतात?” हा आहे. जिथे उत्तर ठामपणे मिळते, तिथे शस्त्रक्रियेनंतरची व्यवस्था आहे. जो रुग्ण गोळ्या आणि वार्षिक तपासण्या पाळेल, त्याला सौम्य मानलेली स्लीव्हही दहा वर्षे उपयोगी पडते. जो पाळणार नाही, त्याला सर्वांत ताकदवान शस्त्रक्रिया सर्वांत धोक्याची ठरते. म्हणून दोन शस्त्रक्रियांत अडलेल्या माणसाने आधी एवढे ठरवावे, की यांपैकी कुणाची आयुष्यभराची देणी आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळांत आणि आपल्या ताटात फेडता येतील. ते ठरले की शस्त्रक्रियेचे नाव डॉक्टरांबरोबर दहा मिनिटांत ठरते.